पुरानंतरची मुले आणि त्यांचे आईवडील: मानसिक आधाराचा इतिहास

पूर ओसरल्यावर मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना मानसिक आधार देणे हे मदतकार्याचे स्वतंत्र अंग आहे, ही जाणीव जेमतेम पन्नास वर्षांची आहे. त्याआधी पूरग्रस्तांना अन्न, वस्त्र, औषध आणि निवारा मिळाला की मदतीचे काम पुरे झाले असे धरले जाई. मूल लहान आहे, चार दिवसांत विसरेल, असा सर्वत्र समज होता. हा समज कसा खोटा ठरला, त्याच्या जागी कोणत्या पद्धती आल्या आणि त्यांतल्या कोणत्या टिकल्या, हा इतिहास काही मोजक्या आपत्तींशी बांधलेला आहे. त्यातून पुन्हा पुन्हा हाती आलेला धडा असा, की मुलाला सावरायचे तर त्याच्या आईवडिलांना आणि त्याच्या वस्तीला सावरावे लागते.

जुन्या पद्धतीचे मराठी वाचकांना जवळचे उदाहरण म्हणजे पुण्याचा पानशेतचा पूर. 12 जुलै 1961 रोजी सकाळी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. हजारो कुटुंबे उघड्यावर आली. त्यांच्यासाठी पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. पूरग्रस्तांना किती मदत झाली हे घरे, भांडीकुंडी, धान्य आणि रोख रक्कम यांवरून मोजले जाई. वाड्यातला शेजार सुटल्याने मुलांचे काय झाले, पाऊस वाढला की त्यांना काय वाटे, हे विचारण्याची पद्धत तेव्हा पुण्यातच काय, जगात जवळजवळ कुठेच नव्हती.

मुलांच्या मनाकडे पाहण्याची सुरुवात पुरातून झाली नाही, युद्धातून झाली. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड येथे मुलांसाठी निवासी बालगृहे चालवली. तिथल्या निरीक्षणांवर आधारलेले त्यांचे पुस्तक 1943 साली प्रसिद्ध झाले. बाँबच्या आवाजापेक्षा आईची घबराट आणि आईपासूनची ताटातूट लहान मुलांना जास्त खचवते, असे त्यांना दिसले होते. पुढे 5 डिसेंबर 1953 रोजी अमेरिकेतील व्हिक्सबर्ग शहरात टॉर्नेडो वादळाने एका चित्रपटगृहावर झडप घातली. आत बरीच मुले सिनेमा पाहत होती. या मुलांचा अभ्यास 1956 साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातही मुलाचे सावरणे आईवडिलांच्या वागण्याशी जोडलेले आढळले. तरीही या निरीक्षणांचा मदतकार्यावर फारसा परिणाम झाला नाही. तो घडवला तो बफेलो क्रीकच्या पुराने.

बफेलो क्रीक हा अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील लोगन परगण्यातला ओढा. त्याच्या अरुंद खोऱ्यात कोळसा खाणकामगारांच्या सोळा लहान वस्त्या होत्या आणि सुमारे 5,000 माणसे राहत होती. खोऱ्याच्या माथ्यावर खाण कंपनीने कोळशाचा टाकाऊ गाळ रचून बांध घातला होता आणि त्यामागे काळे पाणी साठवले होते. 26 फेब्रुवारी 1972 रोजी, शनिवारी सकाळी आठच्या सुमारास हा बांध फुटला. सुमारे 13 कोटी 20 लाख गॅलन पाणी खाली कोसळले. 125 माणसे मृत्युमुखी पडली आणि 4,000 हून अधिक बेघर झाली. सुट्टीचा दिवस असल्याने मुले घरीच होती. त्यांनी शेजाऱ्यांची घरे वाहून जाताना पाहिली आणि नंतर गाळातून काढलेली प्रेतेही पाहिली.

सरकारने बेघरांसाठी तातडीने फिरत्या घरांच्या छावण्या उभारल्या. छप्पर लवकर मिळाले, पण घरे वाटताना कोण कोणाचा शेजारी होता हे पाहिले गेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या एका आळीत राहिलेली कुटुंबे वेगवेगळ्या छावण्यांत विखुरली. समाजशास्त्रज्ञ काय एरिक्सन यांनी 1976 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या दुसऱ्या आघाताचे वर्णन केले. त्यांच्या मांडणीनुसार तिथे व्यक्तीच्या मनाला बसलेला धक्का आणि समूहाच्या वीणेला बसलेला धक्का असे दोन वेगळे आघात झाले होते. घरातली मोठी माणसे अडचणीत ज्या शेजाराकडे धाव घेत, तो शेजारच उरला नव्हता. अशा एकट्या पडलेल्या आईवडिलांच्या हाती मुले होती.

मुलांची पद्धतशीर तपासणी झाली ती न्यायालयातील खटल्यामुळे. कंपनीने हा पूर म्हणजे दैवी कोप असल्याचे म्हटले होते. सहाशेहून अधिक रहिवाशांनी एकत्र येऊन दावा लावला. त्यांचे वकील जेराल्ड स्टर्न यांनी मालमत्तेच्या नुकसानीबरोबर मानसिक हानीचीही भरपाई मागितली. ही हानी सिद्ध करण्यासाठी सिनसिनाटी विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञांचे पथक खोऱ्यात गेले. 1974 साली 1 कोटी 35 लाख डॉलरवर तडजोड झाली. पाण्याने अंगावर जखम केली नसली तरी मनाच्या जखमेला मोल द्यावे लागते, हे यातून प्रस्थापित झाले.

त्या पथकातील बालमानसोपचारतज्ज्ञ जॅनेट न्यूमन यांनी दावेदार कुटुंबांतील 224 मुलांची पाहणी 1976 साली प्रसिद्ध केली. थेट प्रश्नांना मुले उत्तरे देत नसत, म्हणून त्यांना चित्रे काढायला आणि मनातल्या कल्पना सांगायला लावले जाई. बहुतेक मुलांवर पुराचा ठळक परिणाम झालेला होता. त्याची तीव्रता तीन गोष्टींवर ठरत होती: पुराच्या वेळी मूल किती समजत्या वयाचे होते, त्याने प्रत्यक्ष काय पाहिले, आणि घरच्यांना कोसळताना किंवा सावरताना त्याने कसे पाहिले. पुढच्या संकटांना तोंड देण्याची या मुलांची ताकद कमी झाल्याचेही न्यूमन यांनी नोंदवले.

याच नोंदी बॉनी ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नव्या निकषांनी तपासल्या. पुराच्या वेळी 2 ते 15 वर्षांच्या असलेल्या 179 मुलांपैकी 37 टक्क्यांमध्ये आघातोत्तर तणावविकाराची चिन्हे आढळली. जिवावरचा प्रसंग, आईवडिलांचे मानसिक आजार आणि घरातले चिडचिडे किंवा उदास वातावरण यांचा त्याच्याशी संबंध दिसला. सतरा वर्षांनी यांपैकी 99 जणांना पुन्हा भेटले असता हे प्रमाण 7 टक्क्यांवर आले होते. बहुतेक मुले काळाबरोबर सावरतात आणि काहींना मात्र दीर्घकाळ मदत लागते, हे दोन्ही निष्कर्ष या अभ्यासाने आकड्यांनिशी पुढे ठेवले.

बफेलो क्रीकच्या पुराच्याच वर्षी, जून 1972 मध्ये ॲग्नेस चक्रीवादळाने पेनसिल्व्हेनियातील वायोमिंग खोरे बुडवले. तिथे वेगळा प्रयोग झाला. दवाखाना उघडून लोकांची वाट पाहण्याऐवजी प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरोघर गेले, कारण स्वतःला वेडा ठरवून घ्यायला कोणी आपणहून दारात येत नाही. नुकसानभरपाईचे अर्ज भरताना, चिखल काढताना बोलणे निघे आणि त्यातून अडचणीतली कुटुंबे कळत. 1974 च्या अमेरिकी आपत्ती मदत कायद्याने आपत्तीनंतरच्या समुपदेशनासाठी सरकारी निधीची तरतूद केली. मानसिक आधार हा मदतीचा कायदेशीर भाग झाला. 1980 साली अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत आघातोत्तर तणावविकाराला स्थान मिळाले आणि 1987 च्या आवृत्तीत मुलांमधील लक्षणांची वेगळी नोंद आली.

तोवरचे बहुतेक अभ्यास पूर येऊन गेल्यावर सुरू झालेले होते, त्यामुळे मूल आधीपासूनच तसे होते की पुरामुळे बदलले, हे ठरवणे कठीण जाई. बांगलादेशातील 1988 च्या महापुराने ही अडचण दूर केली. त्या पुरात देशाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याखाली गेला. त्याच्या सहा महिने आधी 2 ते 9 वर्षांच्या मुलांची एक पाहणी झालेली होती. पुरानंतर पाच महिन्यांनी मॉरीन डर्किन, नायला खान आणि सहकाऱ्यांनी त्यांतील 162 मुलांना पुन्हा तपासले. आधी एकाही मुलात न आढळलेला आक्रमकपणा आता सुमारे 10 टक्के मुलांत दिसला. आधी लघवीवर ताबा असलेल्या 134 मुलांपैकी 45 मुले पुन्हा कपडे किंवा अंथरूण ओले करू लागली होती. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचे महत्त्व मोठे आहे. गरीब देशातल्या, पूर दरवर्षी पाहणाऱ्या मुलांना त्याची सवय असते, हा समज त्यांनी मोडून काढला. अंथरूण ओले करणारे मूल हट्टी नसते, घाबरलेले असते, हे आईवडिलांना सांगण्यासाठी आधार मिळाला.

मदतीच्या पद्धतींचा इतिहास सरळ चढत्या रेषेचा नाही. 1983 साली जेफ्री मिचेल यांनी अग्निशामक दलासारख्या सेवांतील माणसांसाठी एक पद्धत मांडली. तिच्यात प्रसंगानंतर थोड्याच दिवसांत गट बसवून प्रत्येकाला घडलेले सविस्तर सांगायला लावत. ही पद्धत लवकरच आपत्तीग्रस्तांसाठीही सर्रास वापरली जाऊ लागली. अशा एकाच बैठकीने पुढचा आजार टळत नाही आणि काहींना त्रासच होतो, असे 2000 च्या सुमारास झालेल्या आढाव्यांतून दिसले. जखम ताजी असताना ती उकरून काढू नये, हा नियम तेव्हापासून पक्का झाला.

अशा बैठकींच्या जागी मानसिक प्रथमोपचार आला. 2007 साली संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या समितीने आपत्तीतील मानसिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेने भागीदार संस्थांसह क्षेत्रकार्यकर्त्यांसाठी पुस्तिका काढली. पाहा, ऐका आणि जोडून द्या, असे तिचे सूत्र आहे. बोलण्याची सक्ती करायची नाही. माणसाची तातडीची गरज पाहायची, बोलेल तेवढे ऐकायचे आणि नातेवाईक, रेशन, दवाखाना यांच्याशी त्याची गाठ घालून द्यायची. 2007 च्या तत्त्वांत मदतीची उतरंड सांगितली आहे. तळाशी सर्वांसाठी सुरक्षितता आणि मूलभूत सेवा, त्यावर कुटुंब व समाजाचा आधार, मग प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत आणि अगदी वर, थोड्यांनाच लागणारे तज्ज्ञांचे उपचार. छावणीत मुलांना खेळण्यासाठी राखीव, सुरक्षित जागा ठेवण्याची प्रथाही याच काळात रुळली. ती युनिसेफने 1999 साली कोसोव्होतील निर्वासितांसाठी सुरू केली होती. या जागेमुळे मुलाला दिवसाचे वेळापत्रक मिळते आणि आईवडिलांना रांगेत उभे राहायला मोकळीक मिळते.

शाळेचे महत्त्व 2005 च्या कॅटरिना वादळानंतर स्पष्ट झाले. न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटून शहराचा सुमारे 80 टक्के भाग बुडाला होता. पंधरा महिन्यांनंतरही त्रास असलेल्या 118 मुलांपैकी काहींना शाळेतच गटाने आणि काहींना दवाखान्यात कुटुंबासह उपचार देऊ केले गेले. शाळेच्या गटातील जवळजवळ सर्व मुलांनी उपचार सुरू केले. दवाखान्याच्या गटात सुरुवात करणारी मुले तिसऱ्या हिश्शाहून थोडीच जास्त होती. उपचार मिळालेल्या मुलांत दोन्हीकडे सुधारणा दिसली. उपचारपद्धती कितीही चांगली असली तरी ती मूल जिथे रोज जाते तिथे नसेल, तर थकलेल्या आईवडिलांच्या आवाक्याबाहेर राहते.

भारतात आपत्तीनंतरच्या मानसिक आरोग्याचा विचार 1984 च्या भोपाळ वायुदुर्घटनेपासून सुरू झाला. 29 ऑक्टोबर 1999 च्या ओडिशातील महाचक्रीवादळात समुद्र गावांत शिरला. एक वर्षानंतर तिथल्या 447 मुलांच्या व किशोरांच्या पाहणीत 30.6 टक्क्यांत आघातोत्तर तणावविकार आढळला. 2004 च्या त्सुनामीनंतर बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले. डिसेंबर 2009 मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मानसिक-सामाजिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. केरळच्या 2018 च्या महापुरात त्यांची मोठी कसोटी लागली. सुमारे 14 लाख लोक छावण्यांत होते. सर्व जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आधीपासून चालू असल्याने छावण्यांत आणि नंतर घरोघर पथके पाठवणे केरळला शक्य झाले.

महाराष्ट्राचा अलीकडचा अनुभव याच संदर्भात पाहिला पाहिजे. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील गावे वेढली. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून माणसे बुडाली. जुलै 2021 मध्ये यांतील अनेक गावांना पुन्हा पुराने गाठले आणि चिपळूण शहरही बुडाले. दुसऱ्या खेपेला कोरोनामुळे बहुतेक शाळा बंद होत्या, म्हणजे मुलाला सावरणारा घराबाहेरचा सर्वांत जवळचा आधार आधीच निघून गेला होता. एका पुराने खचलेल्या मुलाची पुढच्या संकटांना तोंड देण्याची ताकद कमी होते, हे बफेलो क्रीकमध्ये नोंदवलेले निरीक्षण वारंवार बुडणाऱ्या या नदीकाठांना थेट लागू पडते.

या इतिहासातून निघणारी कामे खर्चिक नाहीत. स्थलांतर करताना शेजारी कुटुंबे एकत्र ठेवावीत. निवाऱ्यासाठी घेतलेल्या शाळा सर्वांत आधी मोकळ्या करून वर्ग सुरू करावेत. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि शिक्षक यांना पावसाळ्यापूर्वीच मानसिक प्रथमोपचार शिकवावा. आईवडिलांना भरपाईच्या कागदांसाठी खेटे घालावे लागू नयेत, कारण त्यांची चिंता कमी होणे हाच मुलासाठी पहिला उपचार असतो. ज्यांना त्याहून अधिक मदत लागते त्यांच्यासाठी टेली-मानसची 14416 आणि मुलांसाठी 1098 ही दूरध्वनी सेवा आहे. पुराचा पंचनामा करताना पडलेल्या भिंती मोजल्या जातात; त्याच फेरीत घरातले मूल झोपते का, जेवते का, आणि त्याच्या आईबापांना कोणाचा आधार आहे का, हेही विचारले गेलेच पाहिजे.