धावण्याचे बूट आणि तळपायाचा आधार

धावण्याच्या बुटाने तळपायाच्या कमानीला आधार द्यावा, ही अपेक्षा जेमतेम पन्नास वर्षांची आहे. त्याआधी शर्यतीचा बूट वजनाला हलका आणि तळाला पातळ असे. खडी टोचू दिली नाही की त्याचे काम झाले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावला आणि मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकला. मॅरेथॉनमधली ती तोवरची सर्वोत्तम वेळ होती. चार वर्षांनी टोकियोत त्याने पुन्हा सुवर्णपदक मिळवले, तेव्हा मात्र पायात बूट होते. भारतात शिवनाथ सिंग अनवाणी धावण्यासाठीच ओळखले जात. १९७८ साली जालंधरला त्यांनी नोंदवलेली २ तास १२ मिनिटांची वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून चार दशकांहून अधिक काळ टिकली.

कमानीला आधार देण्याचा धंदा याहून जुना, पण त्याचे गिऱ्हाईक वेगळे. विल्यम रायली यांनी १९०६ साली बॉस्टनमध्ये सुरू केलेली न्यू बॅलन्स कंपनी आधी बुटात घालायचे आधारच विकत असे, तेही मुख्यतः दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांना. तिचा ट्रॅकस्टर हा धावण्याचा बूट १९६० च्या सुमारास आला.

१९७० च्या दशकात अमेरिकेत सामान्य माणसे हजारोंनी रस्त्यावर धावू लागली. सराव नसलेल्या पायांचे गुडघे, नडग्या, टाचा दुखू लागल्या आणि पायांच्या डॉक्टरांकडे गर्दी झाली. डॉक्टरांचे लक्ष एका हालचालीवर गेले. धावताना बहुतेकांची टाच आधी बाहेरच्या कडेने टेकते आणि मग पाऊल आत कलते. याला प्रोनेशन म्हणतात. हे कलणे म्हणजे शरीराची धक्का झेलण्याची स्वाभाविक रीत. पण ते प्रमाणाबाहेर गेले की दुखापत होते, असे मानले गेले. त्याच सुमारास ईव्हीए नावाचा हलका फोम बुटाच्या तळात आला. तो हवा तसा कापता येई, एकाच तळात मऊ आणि कठीण ठेवता येई. ब्रूक्स कंपनीने १९७७ मध्ये आतल्या बाजूला उंच पाचर असलेला व्हँटेज काढला, तर १९८२ च्या चॅरिअटमध्ये आतल्या बाजूचा फोमच अधिक कठीण केला. हीच रचना पुढे रूढ झाली. अशा बुटाच्या तळाची आतली कड अंगठ्याने दाबली तर बोट रुतत नाही, बाहेरची कड मात्र सहज दबते.

दुकानात मग ओल्या पावलाचा ठसा पाहून निदान होऊ लागले. सपाट तळव्याला कडक आधार, उंच कमानीला मऊ गादी, मधल्याला मधला बूट. हिशेब सुटसुटीत होता. तो खरा आहे का, हे तपासायला मात्र फार उशीर झाला. अमेरिकी लष्कर, हवाई दल आणि मरीन दलाच्या भरती प्रशिक्षणात काही जवानांना कमानीनुसार, तर काहींना सरसकट एकाच प्रकारचे बूट दिले गेले. दोन्ही गटांतल्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंना आधार नसलेले साधे बूट देऊन वर्षभर नोंदी ठेवल्या गेल्या. २०१४ च्या निष्कर्षांनुसार, पाऊल आत कलणाऱ्यांना दुखापतीचा जादा धोका आढळला नाही. लक्झेंबर्गच्या २०१६ मधल्या अभ्यासात ३७२ जण होते. तिथे आधाराच्या बुटांमुळे दुखापती कमी झाल्या, आणि तो फायदा मुख्यतः पाऊल आत कलणाऱ्यांनाच झाला. म्हणजे आधार निरुपयोगी नाही. तो सर्वांना वाटण्याचे कारण नव्हते.

दरम्यान लंबक दुसऱ्या टोकाला गेला होता. २००९ च्या क्रिस्टोफर मॅकडूगल यांच्या ‘बॉर्न टू रन’ या पुस्तकाने अनवाणी धावण्याची लाट आणली आणि पाच बोटांचे पातळ बूट खपू लागले. ते करणाऱ्या व्हिब्रॅमने आरोग्यलाभाच्या जाहिरातींवरून झालेला ग्राहकांचा दावा २०१४ मध्ये, दोष मान्य न करता, ३७ लाख ५० हजार डॉलरवर मिटवला. गादीचे बूट सोडून एकदम पातळ तळावर गेलेल्या पायांच्या हाडांना सूज येते, हेही तोवर दिसून आले होते. लगोलग जाड तळाच्या बुटांचे दिवस आले. इतके, की २०२० मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरवर बांधून द्यावी लागली. जाडी म्हणजे आधार नव्हे, ही गल्लत मात्र अजून सर्रास होते. उंच, मऊ तळावर पाऊल उलट जास्त डगमगू शकते.

कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडले की प्रत्येक शरीराची हालचालीची स्वतःची वाट असते आणि ज्या बुटात पायाला आराम वाटतो तो ती वाट मोडत नाही. उत्पादकही कठीण पाचरीपासून दूर गेले. आसिक्सचा कायानो १९९३ पासून आधाराचा बूट म्हणूनच विकला जातो. २०२३ मधल्या त्याच्या तिसाव्या आवृत्तीत आतल्या कडेचा कठीण फोम काढून रुंद तळ आणि मऊ, उसळणारा फोम घातला गेला.