आंबटपणाची राखण

सोलापूरहून अक्कलकोटच्या वाटेला लागलें म्हणजे वळसंग हें गांव लागतें. मुलूख ज्वारीचा, पण द्राक्षाची पारख आमच्याकडे घरोघरीं आहे, आणि तिची कसोटी एकच: गोडी. ह्याच जिल्ह्यांत नान्नजच्या नानासाहेब काळे यांनीं 'थॉमसन' जातींतून 'सोनाका' ही लांब मण्यांची जात निवडून काढली. तिची कीर्ति गोडीची आणि देखणेपणाची. तेव्हां गेल्या फेब्रुवारींत वळसंगच्या काकांना मी माळशिरस तालुक्यांतील एका मळ्यांत नेलें, त्या वेळीं त्यांनीं एक मणी तोंडांत टाकला, बी थुंकून टाकली आणि विचारलें, "हें विकत कोण घेणार?"

मणी बारीक, साल पातळ, आंत बिया, आणि गोडीच्या पाठोपाठ जिभेला झोंबणारा आंबटपणा. जातीचें नांव 'सोव्हिन्याँ ब्लाँ'. काकांचा प्रश्न साधा होता. उत्तरासाठीं मात्र बरेंच मागें जावें लागतें.

द्राक्षापासून मद्य करणें ही गोष्ट भारताला नवी नाहीं. कौटिल्यानें 'अर्थशास्त्रां'त मृद्वीकेच्या, म्हणजे द्राक्षाच्या, रसाचें मद्य सांगितलें असून, 'कापिशायन' व 'हारहूरक' हीं त्याचीं नांवें त्या त्या देशांवरून पडलीं असें म्हटलें आहे. कापिशी आजच्या अफगाणिस्तानांतली. म्हणजे नांवाजलेलें मद्य तेव्हांही थंड मुलुखाचें. दक्षिणेंत द्राक्ष नव्हतें असें मात्र नव्हे. चौदाव्या शतकांत इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हां तेथें द्राक्षांचीं आणि डाळिंबांचीं वर्षाला दोन पिकें निघतात, अशी नोंद त्यानें केली. प्रवाशाला ह्याचें कौतुक वाटलें. पण आमच्या बागायतदाराची अडचण नेमकी तेथेंच आहे. थंड देशांत वेल हिवाळ्यांत पानें टाकून निजते. येथें तिला झोप नाहीं. म्हणून एप्रिलांत खरड छाटणी करून काडी तयार करावयाची, ऑक्टोबरांत फळछाटणी करावयाची, पावसाळ्यांतल्या पिकावर पाणी सोडावयाचें आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकच पीक पदरांत घ्यावयाचें, असा शिरस्ता पडला.

आतां ह्या पाहुणीकडे वळूं. तिचें माहेर पश्चिम फ्रान्स, ल्वार नदीचें खोरें आणि बोर्दोचा प्रांत. 'सोव्हाज' म्हणजे रानटी, ह्या फ्रेंच शब्दावरून तिचें नांव पडलें असें मानतात. काळ्या द्राक्षांत मोठी प्रतिष्ठा पावलेली 'काबर्ने सोव्हिन्याँ' ही जात हिची आणि 'काबर्ने फ्राँ'ची कन्या, हें कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील संशोधकांनीं १९९७ सालीं आनुवंशिक तपासणीनें दाखविलें. ल्वारकांठचें साँसेर आज हिच्या वाइनसाठीं प्रसिद्ध आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथें काळ्या द्राक्षांचेंच वर्चस्व होतें. अमेरिकेंतून आलेल्या फायलोक्सेरा नांवाच्या किडीनें मुळ्या खाऊन मळे उजाड केले. मग अमेरिकन वेलींच्या खुंटावर कलमें बांधतांना शेतकऱ्यांनीं हिला पसंत केलें. संकटानें तिला गादीवर बसविलें म्हणाना!

आमच्याकडे तिला यावयास उशीर झाला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा होताच. नाशकाजवळ राजीव सामंत यांनीं १९९७ मध्यें ह्या जातीची लागवड केली आणि २००० सालीं 'सुला'ची पहिली वाइन बाहेर आली. २००१ मध्यें राज्य सरकारनें द्राक्ष-प्रक्रियेचें धोरण जाहीर केलें. सोलापूर जिल्ह्यांत २००७ सालीं 'फ्रातेल्ली' निघाली. ह्या इटालियन शब्दाचा अर्थ 'भाऊ'. आणि खरोखरच इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेक्री आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावांच्या तीन जोड्यांनीं ती उभी केली.

सारी मेहनत आंबटपणा राखण्याची. कोरडी वाइन म्हणजे जिच्यांतील जवळजवळ सगळी साखर किण्वानें खाऊन तिचा मद्यार्क केला ती. मागें गोडी उरत नाहीं, तेव्हां चवीचा कणा म्हणून आम्लच उभें राहतें. ल्वारकांठीं फळ पिकतें तें थंडी चढत असतांना. सोलापुरांत ऊन चढत असतांना. उकाड्यांत साखर भराभर वाढते आणि आम्ल तितक्याच वेगानें उतरतें. खाण्याच्या द्राक्षाचा मालक चार दिवस थांबला तर गोडी वाढते. हा चार दिवस थांबला तर वाइन सपक होते. म्हणून तोडणी पहाटेच्या गारव्यांत, आणि रस आंबवावयाचा तोही थंड केलेल्या पोलादी टाक्यांत.

राहिला काकांचा प्रश्न. ह्या द्राक्षाला मंडईंत गिऱ्हाईक नाहीं. गिऱ्हाईक एकच, ज्याच्याशीं करार झाला तो वाइन-कारखाना. २००८ नंतर जगभर मंदी आली, वाइनचा उठाव घटला, आणि नाशिक भागांतील कित्येक शेतकऱ्यांनीं वाइनच्या द्राक्षांच्या बागा उपटून पुन्हां खाण्याच्या जाती लावल्या. मळ्यांतून परततांना हें मीं काकांना सांगितलें. ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग करार किती वर्षांचा असतो, तेवढें त्यांनीं विचारलें.