पालकत्व, कायदेशीर (मेंदूविकारग्रस्तांचे)

मेंदूच्या विकारामुळे स्वतःचे व्यवहार सांभाळू न शकणाऱ्या प्रौढ व्यक्तीचे हक्क व मालमत्ता जपण्यासाठी कायद्यानुसार नेमलेल्या व्यक्तीला ‘कायदेशीर पालक’ म्हणतात. मूल १८ वर्षांचे होताच आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, हे अनेक कुटुंबांना बँकेत किंवा वारसनोंदीच्या वेळीच कळते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या स्थानिक समितीला पालक नेमण्याचा अधिकार दिला असून, उदाहरणार्थ, परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा येथील कुटुंबाला त्यासाठी परभणी हे जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते. पालकाने नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करायचा असतो. हेळसांड किंवा अपहार आढळल्यास समिती चौकशी करून त्याला दूर करू शकते.

उतारवयातील स्मृतिभ्रंश मात्र या कायद्यात बसत नाही. अशा वेळी मुखत्यारपत्रावर विसंबणे धोक्याचे ठरते, कारण १८७२ च्या भारतीय करार अधिनियमानुसार ते लिहून देणारी व्यक्ती विकलमनस्क होताच मुखत्याराचा अधिकार संपतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमातील ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’, म्हणजे रुग्णाने आधीच निवडलेली विश्वासातील व्यक्ती, उपचारांबाबत साहाय्य करते. जमीन किंवा ठेवी यांवर तिचा अधिकार चालत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने ‘मर्यादित पालकत्व’, म्हणजे संबंधित व्यक्तीशी विचारविनिमय करून घेतलेले संयुक्त निर्णय, मान्य केले. तथापि संवादच खुंटलेल्या रुग्णासाठी ही तरतूद अपुरी पडते आणि कुटुंबांना उच्च न्यायालयात जावे लागते; परभणीकरांसाठी त्याचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगर येथे आहे.