कॉड माशांचा चुकलेला हिशेब

२ जुलै १९९२ रोजी कॅनडाचे मत्स्यव्यवसाय मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या समुद्रात 'उत्तरी कॉड' पकडण्यास बंदी जाहीर केली. बंदी दोन वर्षांसाठी होती. ती बत्तीस वर्षे लांबली. मच्छीमार आणि मासे प्रक्रिया कारखान्यांतील कामगार मिळून सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार गेला. जेथे जवळजवळ पाचशे वर्षे मासेमारी चालू होती, तेथील मासे संपावेत कसे? या प्रश्नाचे निम्मे उत्तर जीवशास्त्रात आहे. उरलेले निम्मे अर्थशास्त्रात आहे, आणि ते समजायला शाळेतील गुणाकार-वजाबाकी पुरेशी आहे.

१४९७ साली जॉन कॅबट या समुद्रात पोचला. पाण्यात टोपली सोडली तरी ती माशांनी भरून येते, असे वर्णन त्या सफरीनंतर युरोपात पसरले. येथे 'ग्रँड बँक्स' हे समुद्राखालचे उथळ पठार आहे. लॅब्रॅडोरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचा उष्ण प्रवाह येथे जवळ येतात, त्यामुळे माशांना खाद्य विपुल मिळते. खारवून वाळवलेला कॉड महिनोन्महिने टिकतो. त्याच्या व्यापारावर न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची गावे वसली.

१८८३ साली लंडनच्या मत्स्य प्रदर्शनात प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्ली यांनी मत मांडले की, कॉडसारख्या माशांचे सागरी साठे बहुधा अक्षय आहेत. मात्र मासेमारीच्या तत्कालीन पद्धती गृहीत धरूनच ते बोलत होते, हे विसरून चालणार नाही. शिडाच्या होड्या आणि गळ यांच्या बळावर माणूस समुद्राचे फारसे बिघडवू शकत नव्हता.

पुढे पद्धतीच बदलल्या. १९५४ साली 'फेअरट्राय' हे ब्रिटिश जहाज समुद्रात उतरले. मोठे जाळे मागच्या बाजूने आत ओढून घ्यायचे आणि मासे जहाजावरच कापून गोठवायचे, अशी त्याची रचना होती. बंदरात परतण्याची घाई उरली नाही. पाठोपाठ सोव्हिएत संघ, जर्मनी, स्पेन, पोर्तुगाल यांचे ताफे आले. १९६८ साली उत्तरी कॉडची पकड सुमारे ८ लाख टनांवर गेली आणि १९७८ पर्यंत ती दीड लाखाच्याही खाली घसरली.

योगायोग असा की, त्याच १९५४ साली स्कॉट गॉर्डन या कॅनडाच्या अर्थशास्त्रज्ञाने सामायिक मालकीच्या मत्स्यसाठ्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. डेन्मार्कच्या येन्स वार्मिंग यांनी १९११ मध्येच असा विचार मांडला होता, पण डॅनिश भाषेतील त्या लेखाकडे बाहेर कोणाचे फारसे लक्ष गेले नव्हते. हा युक्तिवाद आपण एका काल्पनिक खाडीचे उदाहरण घेऊन पाहू.

समजा, खाडीत जितक्या होड्या असतील तितक्या पाट्या २० मधून वजा केल्या, की प्रत्येक होडीला रोज मिळणाऱ्या पाट्या निघतात. एका होडीचा रोजचा खर्च ४ पाट्यांच्या किमतीइतका आहे. ८ होड्या असतील तर प्रत्येकीला १२, म्हणजे एकूण ९६ पाट्या मिळतील. खर्च ३२, नफा ६४ पाट्या. १० होड्या असतील तर पकड १००, म्हणजे जास्तीत जास्त; पण खर्च ४० आणि नफा ६०. सर्वाधिक पकड आणि सर्वाधिक नफा एकाच ठिकाणी येत नाहीत, हे येथे लक्षात घ्यावे. नफ्याचे गणित पाण्यात जास्त मासे शिल्लक ठेवायला सांगते.

मग गाव ८ होड्यांवर का थांबत नाही? नववी होडी घेऊ पाहणाऱ्या माणसाचा हिशेब तपासा. त्याला ११ पाट्या मिळतील, खर्च ४, निव्वळ लाभ ७. तो होडी घेणारच! पण त्यामुळे आधीच्या आठ जणांची प्रत्येकी एक पाटी घटते, म्हणजे ८ पाट्यांचे नुकसान होते. गावाचे एका पाटीने नुकसान झाले, तरी ते नव्या होडीवाल्याच्या वहीत कोठेच दिसत नाही. अशा रीतीने होड्या वाढत जाऊन १६ झाल्या की प्रत्येकीला ४ पाट्या आणि खर्चही ४, नफा शून्य. एकूण पकड १०० वरून ६४ वर आलेली असते. यात कोणी मूर्ख नाही, फार लोभीही नाही. प्रत्येकाचा हिशेब बरोबर आहे, फक्त सर्वांचा मिळून चुकला आहे.

१९७७ साली कॅनडाने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर आपला अधिकार लागू केला. समुद्राला जणू मालक मिळाला. पण परदेशी ताफ्यांच्या जागी देशी ताफा उभा राहिला, आणि नौका व कारखाने यांना सरकारी साहाय्य मिळत गेले. आपल्या उदाहरणात सरकारने निम्मा खर्च उचलला, तर होड्या १८ होईपर्यंत वाढतील. तेव्हा पकड अवघी ३६ पाट्या असेल, आणि तेवढेच ३६ पाट्यांचे मोल सरकारी तिजोरीतून जात असेल. मदत मच्छीमारासाठी दिलेली, पण त्याच्या हाती काहीच उरत नाही.

यात मोजमापाची चूक मिसळली. साठ्याचा अंदाज करताना मोठ्या ट्रॉलरांच्या दर तासाच्या पकडीला बरेच वजन दिले जात होते. साठा घटला तरी उरलेले मासे थवे करून राहतात, आणि ध्वनिलहरींच्या यंत्राने ते थवे सापडतात. म्हणून पकड चांगलीच दिसत राहिली. किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार मात्र मासे कमी आणि लहान येत असल्याची तक्रार १९८० च्या दशकात करत होते. १९८९ साली शास्त्रज्ञांनी नव्या आकडेमोडीवरून सव्वा लाख टनांची मर्यादा सुचवली. सरकारने ठरवली २ लाख ३५ हजार टनांची, कारण एकदम कपात केली तर कारखाने बंद पडले असते. त्या सुमारास समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा थंड झाले होते, त्याचाही वाटा असावा. तीन वर्षांनी कारखाने बंद पडलेच.

मग उपाय काय? नुसता हंगाम आखडणे पुरत नाही. अलास्कात हॅलिबट माशांचा हंगाम आखडत आखडत १९९० च्या सुमारास वर्षाकाठी दोन-तीन दिवसांवर आला होता. वादळ असो वा नसो, त्या दिवशी सर्व नौका समुद्रात धावत. १९९५ पासून प्रत्येकाचा वाटा आधीच ठरवून दिल्यावर धावपळ थांबली आणि हंगाम आठ महिन्यांचा झाला. आइसलँडनेही असे विकता येणारे वाटे दिले. पण ते हळूहळू मोठ्या कंपन्यांकडे गोळा झाले आणि काही गावांच्या हाती मासेमारी उरली नाही, अशी टीका तेथे होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी तिसरा मार्ग दाखवला: काही ठिकाणी लोक स्वतःच नियम करून ते पाळतात. या कामासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या किनाऱ्यावरील पावसाळी मासेमारी बंदी प्रजननाच्या काळात माशांना उसंत देते, पण बंदी उठल्यावर किती नौका उतराव्यात याचे उत्तर ती देत नाही.

जून २०२४ मध्ये कॅनडाने उत्तरी कॉडवरील बंदी उठवली आणि त्या वर्षासाठी १८ हजार टनांची मर्यादा ठरवली. हे घाईचे झाले, अशी टीका लगेच झाली. साठा किती सावरला आहे, हा प्रश्न शास्त्रज्ञांचा आहे. पण किती पकडायचे, कोणी पकडायचे आणि कपातीची झळ कोणी सोसायची, हे प्रश्न समाजाचे आहेत. आठ आणि सोळा होड्यांचे गणित वर्गात फळ्यावर मांडून विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा, असे आम्ही सुचवतो: सोळांपैकी आठ होड्या कमी करायच्या, तर त्या कोणाच्या?