खरवडलेला चेहरा : रोमन प्रांतांतील कांस्यनाणी

इ. स. २११ च्या फेब्रुवारीत रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हरस ब्रिटनमध्ये निवर्तला आणि त्याचे पुत्र कॅराकॅला व गेटा संयुक्तपणे राज्य करू लागले. वर्ष सरण्यापूर्वीच कॅराकॅलाने धाकट्या भावाची हत्या करविली. पाठोपाठ गेटाचे नाव शिलालेखांतून आणि प्रतिमा सार्वजनिक स्थळांवरून पुसली जाऊ लागली. आजच्या तुर्कस्तानातील स्ट्रॅटोनिकेया नगराच्या मोठ्या कांस्यनाण्यांवर हे दोघे बंधू समोरासमोर कोरलेले होते. त्यांतील कित्येक नाण्यांवर कॅराकॅला शाबूत आहे. त्याच्यासमोर मात्र सपाट केलेली ओकीबोकी जागा दिसते. नाणी वितळविली नाहीत, केवळ चेहरा खरवडला. बाजाराला सुटे पैसे लागतातच!

ही नाणी रोमच्या टांकसाळीतली नव्हेत. ऑगस्टसच्या काळापासून तिसऱ्या शतकापर्यंत साम्राज्याच्या ग्रीकभाषिक पूर्वेतील शेकडो नगरे दैनंदिन व्यवहारासाठी स्वतःची कांस्यनाणी पाडीत. दर्शनी बाजूस बहुधा सम्राट. मागील बाजू नगराची. तेथे ग्रामदैवत, मंदिर, नदीदेवता, क्रीडामहोत्सव, क्वचित अधिकाऱ्याचे नाव. फ्रिजियातील अपामिया नगराने तर तिसऱ्या शतकात चक्क नोहाची नौका कोरली, ग्रीक लिपीत त्याच्या नावासह. मला स्वतःला ही मागील बाजूच अधिक बोलकी वाटते. सम्राटांविषयी आपल्याला इतरत्रही पुष्कळ कळते.

१९७२ साली कोनराड क्राफ्ट यांच्या ग्रंथाने एक विलक्षण गोष्ट पुढे आणली : आशिया मायनरमधील निरनिराळ्या नगरांच्या नाण्यांवरील सम्राटाची छबी पुष्कळदा एकाच ठशाने उमटलेली आहे. म्हणजे अनेक नगरांचे काम एकच कार्यशाळा करीत असावी. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात रौप्यनाण्यातील चांदी नाममात्र उरली, भाव भडकले आणि नगरांच्या या टांकसाळी एकामागून एक थंडावल्या. अलेक्झांड्रियाची तेवढी डायोक्लेशियनच्या सुधारणेपर्यंत तगली.

भारतात सापडलेली रोमन नाणी मुख्यतः सोन्याचांदीची. तमिळनाडूत उत्तरकालीन छोटी तांब्याची नाणीही मिळाली आहेत, पण ती साम्राज्याच्या टांकसाळींची. नगरांचे कांस्य सहसा आपल्या परिसराबाहेर फारसे फिरत नसे. म्हणूनच असे नाणे कोठे, कोणत्या थरात सापडले याला मोल आहे. धातुशोधक यंत्राने चोरून उकरलेले नाणे बाजारात येते, तेव्हा नेमकी हीच माहिती कायमची नष्ट झालेली असते. संग्राहकाने किमतीआधी नाण्याची पूर्वमालकी विचारावी. आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हे पुरावशेष ठरते आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर पाठविता येत नाही.

संग्रहातील कांस्याचा खरा वैरी दमट हवा. मातीतून आलेले क्लोराइड धातूत दडलेले असते. ओलावा व प्राणवायू मिळताच त्यातून आम्ल तयार होते, ते नवे तांबे खाते आणि पृष्ठभागावर फिकट हिरवी भुकटी धरते. कोकणातल्या एखाद्या पावसाळ्यातही दीड हजार वर्षे टिकलेली अक्षरे त्यात गळून पडू शकतात.