टिरिन्स

टिरिन्स : ग्रीसमधील मायसीनीयन संस्कृतीचे तटबंदीयुक्त प्राचीन स्थळ. पेलोपनीस द्वीपकल्पातील अर्गोलिस प्रदेशात, आर्गोस–नाफ्प्लिओ रस्त्यालगत, नाफ्प्लिओपासून सुमारे ४ किमी. अंतरावर. आधुनिक ग्रीक नाव तिरिन्था. प्रचंड दगडांच्या तटासाठी प्रसिद्ध. मायसीनी व टिरिन्स ही दोन्ही स्थळे १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकत्रितपणे समाविष्ट झाली.

संत्र्यांच्या बागा असलेल्या सपाट मैदानातील एका बुटक्या खडकावर हा गड आहे. खडकाची लांबी सुमारे ३०० मी. असून मैदानापासून त्याची उंची जेमतेम १८ मी. भरते. ब्राँझयुगात समुद्रकिनारा आजच्यापेक्षा जवळ होता, त्यामुळे बंदराकडे येणाऱ्या मालावर येथून लक्ष ठेवता येई. मायसीनीला डोंगर आणि दऱ्यांचे नैसर्गिक संरक्षण लाभले; टिरिन्सला असा आधार नव्हता. येथील सारे बळ माणसांनी रचलेल्या दगडांतून आले.

इतिहास : खडकावरील वस्ती मायसीनीयन काळाहून बरीच जुनी आहे. इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकात माथ्यावर सुमारे २८ मी. व्यासाची एक वर्तुळाकार इमारत होती. तिचे अवशेष नंतरच्या राजवाड्याखाली सापडले. तटबंदी इ. स. पू. चौदाव्या आणि तेराव्या शतकांत टप्प्याटप्प्याने उभी राहिली. आधी दक्षिणेकडील उंच भाग, म्हणजे बालेकिल्ला, तटाने वेढला गेला आणि अखेरीस उत्तरेकडील खालचा गडही तटाच्या आत आला. इ. स. पू. १२०० च्या सुमारास राजवाडा नष्ट झाला. वस्ती मात्र संपली नाही : पुढच्या शतकात पायथ्याचे नगर उलट वाढले आणि राजवाड्याच्या मुख्य दालनाच्या जागी एक लहान, अरुंद दालन बांधण्यात आले. इ. स. पू. ४७९ मधील प्लातीयाच्या लढाईत मायसीनी व टिरिन्स यांनी मिळून ४०० सैनिक पाठवल्याची नोंद हीरॉडोटसने केली आहे. त्यानंतर काही वर्षांतच आर्गोसने टिरिन्सचा पाडाव केला.

तटबंदी : तटाचा घेर सुमारे ७५० मी. असून सर्वसाधारण जाडी ६ मी. च्या आसपास आहे. आत कोठारे असलेल्या दक्षिण भागात ती १७ मी. पर्यंत जाते. आतल्या व बाहेरच्या दर्शनी बाजूंना चुनखडीचे ओबडधोबड घडवलेले अवजड दगड असून मधली पोकळी दगडगोटे आणि मातीने भरलेली आहे. चुना कोठेही वापरलेला नाही. मोठ्या दगडांमधील फटी लहान दगडांनी आणि मातीने बुजवल्या आहेत. काही दगडांचे वजन १० टनांहून अधिक आहे. इ. स. दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनिअस याने यांतील लहानात लहान दगडही खेचरांच्या जोडीला हलवता येणार नाही असे लिहिले, आणि परदेशचे पिरॅमिड बारकाईने वर्णन करणारे ग्रीक या तटाकडे दुर्लक्ष करतात अशी तक्रारही केली. एवढे दगड माणसे उचलू शकणार नाहीत या समजुतीतून ते राजा प्रीटससाठी सायक्लोप्स या राक्षसांनी रचल्याची कथा रूढ झाली. अशा बांधणीला ‘सायक्लोपियन’ हे नाव त्यावरूनच मिळाले.

प्रवेशमार्गाच्या आखणीत संरक्षणाचा विचार स्पष्ट दिसतो. पूर्वेकडील चढण उत्तरेकडून दक्षिणेकडे तटाला लागून जाते. चढणाऱ्याच्या उजव्या हाताला तट येतो. ढाल डाव्या हातात धरली जात असल्याने त्याची उघडी बाजू तटावरील रक्षकांसमोर येई. तटाच्या आत शिरल्यावर डावीकडे वळून दोन भिंतींमधल्या अरुंद बोळातून मुख्य दरवाजाकडे जावे लागते. दरवाजाचा उंबरठा आणि चौकटीचे खांब अजून जागेवर असून अडण्याची भोकेही दिसतात. त्याची मापे मायसीनीच्या सिंहद्वाराशी जुळतात.

पूर्व आणि दक्षिण बाजूंना तटाच्या पोटात लांबट मार्गिका असून त्यांना कोठड्या जोडलेल्या आहेत : पूर्वेला सहा, दक्षिणेला पाच. दगडांचे थर दोन्ही बाजूंनी थोडेथोडे पुढे सरकवत माथ्याशी टोकदार छत साधले आहे. या कोठड्या साठवणीसाठी असाव्यात. पुढील काळात येथे मेंढरे आसऱ्याला येत. त्यांच्या अंगाच्या घासण्याने भिंतींचे खालचे दगड गुळगुळीत झाले आहेत. पश्चिमेला बाकदार बुरुजाआडून वर जाणारा दगडी जिना ही चोरवाट होती. खालच्या गडात तटाखालून बाहेरच्या पाण्यापर्यंत उतरणारे दोन भुयारी मार्ग १९६२ मध्ये सापडले. त्यांच्यामुळे वेढ्याच्या काळातही पाणी मिळू शकत होते.

उत्खनन : हाइन्रिख श्लीमान याने १८७६ मध्ये चाचणी उत्खनन केले. १८८४–८५ मध्ये श्लीमान व व्हिल्हेल्म डर्पफेल्ड यांनी राजवाडा उजेडात आणला. वास्तुविशारद असलेल्या डर्पफेल्डच्या काटेकोर आराखड्यांमुळे मायसीनीयन राजवाड्याची रचना प्रथमच नीट समजली : मुख्य दालनाच्या मध्यभागी गोल चूल, चार खांब आणि उजव्या भिंतीशी सिंहासन. स्नानगृहाची जमीन एकाच अखंड शिळेची आहे. पुढील उत्खनने मुख्यतः जर्मन पुरातत्त्व संस्थेने केली.

भेट : स्थळ पाहताना प्राचीन प्रवेशमार्गाने चढण, दरवाजा, मार्गिका आणि शेवटी राजवाडा असा क्रम ठेवल्यास रचना लवकर उलगडते. राजवाड्याचे फक्त जोते उरले असून तटाची खरी उंची पश्चिमेकडून, गडाबाहेरून जाणवते. सुरक्षिततेसाठी मार्गिकांचे काही भाग बंद असतात. सावली कमी आणि दगड घसरडे असल्याने उन्हाळ्यात सकाळची वेळ सोयीची ठरते. बैलावरून उडी मारणारा माणूस, रानडुकराची शिकार व स्त्रियांची मिरवणूक दाखवणारी येथील भित्तिचित्रे अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. अन्य वस्तू नाफ्प्लिओच्या संग्रहालयात पाहता येतात.