झडपेत झडप-रोपण

शस्त्रक्रियेने पूर्वी बसविलेली प्राणिज ऊतीची हृदयझडप निकामी झाली असता, छाती पुन्हा न उघडता, बहुधा जांघेतील रक्तवाहिनीतून कॅथेटर सरकवून तिच्याच आत दुसरी झडप उलगडण्याची प्रक्रिया. गाईच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून तयार केलेल्या झडपेस, रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा आजन्म जाच सहसा नसला, तरी तिची मुदत साधारणतः १० ते १५ वर्षांची, तरुण देहात त्याहूनही कमी असते. कॅल्शियम साचून पाकळ्या ताठरतात वा फाटतात आणि रुग्णास धाप लागू लागते. अशा वेळी दुसऱ्यांदा छाती उघडण्याची जोखीम, तोवर वार्धक्याने जर्जर झालेल्या अनेकांना पेलत नसे.

डेन्मार्कमध्ये हेनिंग रूड अँडरसन यांनी १९८९ मध्ये डुकरांवर केलेल्या प्रयोगांतून या विद्येचा उगम झाला. २००० साली फिलिप बोनहोफर यांनी पॅरिसमध्ये, एका मुलाच्या शस्त्रक्रियेने जोडलेल्या व पुढे बिघडलेल्या फुप्फुसधमनी-मार्गात कॅथेटरद्वारे झडप बसविली. आलाँ क्रिबिये यांचे रूआँ येथील २००२ मधील सुविख्यात रोपण नैसर्गिक महाधमनी-झडपेतील होते, हे सांगणे येथे अप्रस्तुत नव्हे. महाधमनीतील निकामी प्राणिज झडपांसाठी अमेरिकेत २०१५ मध्ये रीतसर मंजुरी मिळाली.

जुन्या झडपेचे कडे नव्या झडपेस पक्के आसन देते आणि क्ष-किरणांत बहुधा स्पष्ट दिसते, ही सोय खरी. परंतु तेच कडे नव्या झडपेचा विस्तारही रोखून धरते. मूळ झडप २१ मिलिमीटर किंवा त्याहून लहान असेल, तर रक्ताची वाट अरुंदच राहण्याचा संभव असतो, आणि म्हणून काही वेळा उच्च दाबाच्या फुग्याने ते कडे मुद्दाम तडकवावे लागते. याहून भयंकर धोका असा की, बाहेर ढकलल्या गेलेल्या जुन्या पाकळ्या हृद्धमनीचे मुखच बंद करतात. हे क्वचित घडते, पण घडल्यास प्राणघातक ठरते. यास्तव सीटी-प्रतिमांवरून अंतरे आधीच बारकाईने मोजतात, आणि प्रसंगी विद्युत्भारित तारेने पाकळी चिरण्याची तजवीज करतात. डाव्या द्विदल झडपेपर्यंत पोहोचण्यासाठी शिरेतून जाऊन अलिंदांमधील पडदा भेदावा लागतो.

एवंच, दुसऱ्या झडपेचे भवितव्य पुष्कळसे पहिल्या शस्त्रक्रियेतच ठरत असल्याने, रुग्ण व शल्यविशारद यांनी आकाराचा विचार तेव्हाच करणे इष्ट होय. धातूच्या यांत्रिक झडपेत मात्र हे रोपण करता येत नाही.